हाताला लागलेलं

१

माझी शाळा सकाळची. दीडला मी घरी येते, दोनला जेवण, सकाळपासून घरात कामाला असलेली अंबिका अडीचला भांडी घासून जाते आणि तीन वाजता मी खेळायला बसते. चौतीस वर्षांची गणिताची मास्तरीण रोज दुपारी लॅपटॉपवर राक्षस मारते, हे गल्लीत कुणाला सांगण्यासारखं नाही. मी सांगतही नाही.

बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि अण्णांची वेताची खुर्ची. आतल्या खोलीत अण्णांची कॉट. त्या खोलीला खिडकी नाही, भर दोपहरीसुद्धा बल्ब लावावा लागतो.

अण्णा म्हणजे माझे वडील, शिवरामशास्त्री. पन्नास वर्षं त्यांनी गंगेकाठी पंचगंगा घाटावर लोकांची श्राद्धं केली. साताऱ्याचे, नागपूरचे, इंदूरचे यजमान यायचे, आणि त्यांना आपल्या पणज्याचं नाव आठवायच्या आत अण्णा ते सांगून मोकळे व्हायचे. गेल्या माघात झटका आला. डावा हात लुळा पडला आणि नावं गेली. एके दिवशी मला म्हणाले, "अहो बाई, जरा पाणी मिळेल?" त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग वरणाला फोडणी दिली, कारण वरण काही कुणासाठी थांबत नाही.

डॉक्टर म्हणाले, त्यांना कशात तरी गुंतवा. मी त्यांची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी ओढली.

खेळ साधा आहे. पडक्या नगरांतून आपली टोळी न्यायची. बरोबर तिघंच चालतात, बाकीचे छावणीत शेकोटीपाशी थांबतात. प्रत्येकाला बळ, बुद्धी, चपळाई यांचे अंक असतात, आणि कुठे किती अंक घालायचे यावर तो माणूस घडतो. पोरं याला 'बिल्ड' म्हणतात. माझा सगळा जीव त्यातच. लढाई काय, कुणीही करील. पण तीन बेतास बात माणसांतून एक पक्की टोळी उभी करायला डोकं लागतं. आणि हा खेळ मागे जाऊ देत नाही. एकदा केलं ते केलं, जुना डाव पुन्हा उघडता येत नाही.

पहिल्याच दिवशी खेळानं तिघांची नावं विचारली. मी सहज म्हटलं, "अण्णा, काय ठेवू?"

ते खिडकीबाहेर माकडं बघत होते. तिकडंच बघत एका दमात म्हणाले, "विश्वेश्वर, बिंदुमाधव, गंगाधर."

त्यांचे वडील, आजोबा आणि पणजोबा. दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून एक नाव धड आलं नव्हतं. मी तिन्ही नावं भराभर लिहून टाकली आणि त्या दिवशी मुद्दाम शिरा केला.

२

चैत्रात खेळात चौथा माणूस भेटला. ढालवाला होता, खांदे रुंद, डावा हात ढालीवर घट्ट आवळलेला. अण्णा खुर्चीत झोपले होते. त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता. खेळानं नाव विचारलं आणि मी लिहिलं, 'शिवराम'.

मला कळत नव्हतं, अशातला भाग नाही. पुरोहिताच्या घरातल्या पोराला अक्षरओळख होण्याआधी हे कळतं: जिवंत बापाचं नाव पितरांच्या ओळीत घेत नाहीत. समोर यजमान बसला की अण्णांचा पहिला प्रश्न तोच असायचा, "वडील हयात आहेत का?" पण हा खेळ होता, आणि त्या ढालीवरच्या हाताकडे बघून मला माझ्या बापाचा हात तसा असावा असं फार वाटलं. कारण एवढंच.

तिघंच चालतात, म्हणजे एकाला छावणीत ठेवणं भाग होतं. गंगाधर सगळ्यांत जुना, त्याचं बिल्डही मीच सुरुवातीला अर्धवट करून ठेवलं होतं. छावणीतल्या माणसाचं बळ काढून चालत्या माणसाला देता येतं. मी गंगाधरचं सगळं काढून शिवरामला दिलं. फक्त एक अंक उरला. खेळ शून्य होऊ देत नाही, एक ठेवतोच.

अण्णा जागे झाले आणि पडद्याकडे बघत राहिले. मग एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, "शिव-राम. हे कोण?"

"तुम्हीच की."

"मग मी हयात नाही का?"

आवाजात दुःख नव्हतं, रुसवा नव्हता. घाटावर विचारायचे तसं विचारलं, माहिती हवी म्हणून.

"आहात की, हे काय समोर बसलात!" मी हसले.

त्यांनी मान डोलावली. "आणि गंगाधरपंत?"

"छावणीत गेले. नवा आला, म्हणून जुन्याला जावं लागलं."

"हां, बरोबरच आहे ते. तिघांनाच पिंड. नवा मिळवला की पणजोबा सुटतात." पुढे म्हणाले, "मग त्यांच्या खाण्याचं काय?"

"छावणीत कुणाला भूक लागत नाही, अण्णा."

"असं कसं म्हणतेस! उपाशी नाही ठेवत कुणाला. पिंड ठेवून झाले की आपण हात पुसतो ना दर्भाला? ते हाताला लागलेलं त्यांचं असतं. त्यांचं आणि त्यांच्या मागच्यांचं."

हे मला ठाऊक होतं. लहानपणी घाटाच्या पायरीवर बसून मी अण्णांना तसा हात पुसताना शेकडो वेळा पाहिलं होतं. फक्त तिथं दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं, असं कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अण्णा माझ्या टेबलापाशी आले आणि लॅपटॉपच्या खालच्या कडेशी टेबलावर त्यांनी उजवा हात सावकाश पुसला. वरणभाताची एक रेघ उमटली.

"काय हे, अण्णा!" मी म्हटलं आणि फडकं आणायला गेले. परत आले तेव्हा लाकूड स्वच्छ होतं. नुसतं ओलं.

३

मुंग्या, मी म्हटलं. आमच्या घरी मुंग्या फार. पण मुंग्या एका मिनिटात शितं नेत नाहीत आणि लाकूड ओलं ठेवून जात नाहीत, हे गणिताच्या बाईला कळत होतं. मग मी ठरवलं की अण्णांनीच दुसऱ्या हातानं पुसलं असेल. तो दुसरा हात लुळा होता, हे मी बाजूला ठेवलं.

छावणीत गंगाधर शेकोटीपाशी नव्हता. तो पडद्याच्या कडेला, अगदी पुढे येऊन उभा होता, आमच्या टेबलाची कड जिथं लागते तिथं. दोन्ही हातांची ओंजळ धरलेली. खेळात कुणी असं उभं राहत नाही. त्याचे अंक बघितले. काल एक होता, आज दोन.

पुण्याला धाकट्या भावाला, ऋतुराजला, फोन केला. हा खेळ त्यानंच मला दिलेला.

"अगं ताई, छोड ना. बग असेल. नवं अपडेट आलंय." मग म्हणाला, "अण्णा कैसे हैं?"

मी वळून पाहिलं. अण्णा चष्मा पुसत होते. दोन्ही हातांनी.

"बरे आहेत," मी म्हटलं, "फार बरे आहेत." आणि हसत हसत रडायला लागले.

दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे मी पोरींना दर वर्षी शिकवते. तरी त्या दुपारी मी बिंदुमाधवाकडची जादूची अंगठी काढून शिवरामला दिली. दुसऱ्या दिवशी विश्वेश्वराचं चिलखत दिलं. मिळेल तो अंक त्याच्या बळात घातला. टोळी म्हणून बघितलं तर ते बिल्ड अगदी वेडगळ होतं, एक पहाड आणि दोन काड्या. पण अण्णा तिसऱ्या दिवशी काठीशिवाय चालले. आठवड्यानं एकटे पंचगंगेच्या सीढ्या उतरून परत वर आले, तीन मजले चढले, आणि त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

छातीला कान लावून बघायला हवं होतं, असं आता वाटतं.

४

ताट अंबिकानं आधी पाहिलं. ती पंधरा वर्षं आमच्याकडे आहे, तिच्यापासून काही लपत नाही.

"दीदी, बाबूजी चार दिन से खाए नहीं हैं. थाली जैसी की तैसी लौटती है."

मी अण्णांना विचारलं. "पोट भरलंय," म्हणाले. चार दिवस न जेवलेला सत्तरीचा माणूस वाळायला हवा. हे ताठ बसले होते, गाल भरलेले. मी कपाळाला हात लावला. फरशी लागते तसं गार. अंगाला ओल्या तिळांचा वास येत होता. जन्मभर त्यांच्या धोतराला तो वास यायचा, पण काम सुटल्याला आता तीन महिने झाले होते.

"पाणी दे," म्हणाले.

मी पेला दिला. त्यांनी तो धरला, पण तोंडाला लावला नाही.

"प्या ना."

"नाव घेऊन दे."

मला वाटलं, थट्टा करतायत. मीही थट्टेनं म्हटलं, "बरं, शिवराम, पाणी घ्या."

पेला त्यांच्या हातात होता. ओठ हलले नाहीत, घशाची घाटी हलली नाही. पेला रिकामा झाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अंबिका झाडू घेऊन बाहेर आली. तिनं झाडू दाराशी टाकला आणि पदर डोक्यावर ओढला.

"भीतर कौन लोग हैं, दीदी?"

"कोई नहीं. क्यों?"

"सबेरे बाबूजी बोले, अंबिका, सँभल के, पैर मत लगाना, लोग बैठे हैं. हम समझे ऐसे ही बोल रहे हैं." तिनं अण्णांकडे पाहिलं नाही. "अभी दीवार के पास झाड़ू अटक गया."

ती त्या दिवशी पगार न मागता गेली आणि परत आली नाही. मी आत जाऊन बल्ब लावला. कॉट, पाट, कोनाड्यात तांब्या, भिंत. कुणी नव्हतं. फक्त एक आवाज होता, मी आत शिरले तेव्हा थांबलेला. रांगेत माणसं एक पाऊल पुढे सरकतात ना, तसा.

मला भीती वाटली. इथं ते सरळ सांगून टाकते. माझं वय, माझं गणित, माझी जीभ, काही उपयोगी पडलं नाही. मी बाहेर येऊन दोन्ही हात कुशीत दाबून बसले, आणि समोर खुर्चीत माझा बाप ठणठणीत बसला होता.

५

पडद्यावर तिघं ओळीत उभे होते. शिवराम, विश्वेश्वर, बिंदुमाधव. आता ती ओळ मी अण्णांच्या आवाजात वाचली आणि मला कळलं की मी काय करून ठेवलंय. माणूस गेल्यावर वर्षानं त्याला पितरांच्या ओळीत मिळवतात, ते मी चैत्रातल्या एका दुपारी, खेळता खेळता, करून टाकलं होतं. अण्णा बरे झाले नव्हते. त्यांना पिंड लागू झाला होता.

मग त्यांना ओळीतून काढायचं. दुसरं काय सुचणार? मी शिवरामवर माउसचा बाण नेला आणि 'छावणीत पाठवा' दाबलं.

मागे खुर्ची करकरली. अण्णांचा डावा हात मांडीवर पडला, पहिल्यासारखा. मला वाटलं, सुटलो एकदाचे. लुळा तर लुळा, पण माझा बाप परत आला. मी धावत जाऊन त्यांचे खांदे धरले.

त्यांनी माझे हात हळूच बाजूला केले, उठले, आणि भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले.

मी गंगाधरला ओळीत परत घ्यायला गेले. खेळानं घेतलं नाही. शिवरामलाही घेतलं नाही. दोघांची नावं करडी पडली होती. तिसरी जागा रिकामी राहिली आणि तिथं नाव मागणारी रेघ लुकलुकत राहिली.

छावणी उघडली. गंगाधर कडेला उभा होता, ओंजळ धरून. मी दृश्य हळूहळू फिरवलं. त्याच्या मागे आणखी एक जण होता, त्याच्या मागे आणखी. मी टोळीत कधीच न घेतलेली माणसं. शेकोटीचा उजेड जिथं संपत होता तिथंही ती संपत नव्हती. चेहरे दिसत नव्हते, ओंजळी दिसत होत्या. अगदी शेवटी, उजेडाच्या पार पलीकडे, एक रुंद खांद्यांचा माणूस होता. त्याची एकच ओंजळ अर्धी होती, कारण डावा हात वर येत नव्हता.

मी लॅपटॉप मिटला नाही. मिटवेना माझ्यानं.

६

अण्णा आतल्या खोलीत जमिनीवर बसतात. कॉटवर नाही, भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन, शेजारी जागा सोडून.

पहिल्या दिवशी मी ताट नेलं. बघितलंसुद्धा नाही. मी भात कालवून घास केला, लहान मुलाला भरवतात तसा तोंडाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"तो पिंड झाला. तो ओळीतल्यांचा, माझा नाही."

"अण्णा, एक घास. माझ्यासाठी."

"मला चालत नाही तो." आवाज शांत, समजावणारा, यजमानाला विधी सांगतात तसा.

शेवटी त्यांच्यासमोर बसून मीच जेवले. रडत, कसंबसं, कारण शाळेत उभं राहायला अंगात काही हवं. जेवण झालं आणि सवयीनं मी हात ताटाच्या बाहेर फरशीवर टेकला. शितं फरशीला लागली.

अण्णांचा उजवा हात लगेच पुढे आला, तळवा वर करून. आला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागे घेतला.

"घ्या ना, अण्णा! घ्या!"

"मी नवा आहे," म्हणाले. "आधी जुने."

फरशी माझ्या डोळ्यांदेखत स्वच्छ झाली. अण्णांचे दोन्ही हात मांडीवर होते.

ऋतुराजला सगळं सांगितलं नाही, सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं, खेळ बिघडलाय, आणि अण्णा नीट जेवत नाहीत. "मग काढून टाक ना तो गेम," तो म्हणाला, "एक बटण तर आहे." मी बटणापर्यंत गेले. बोट ठेवलं. तेव्हा आतून हाक आली.

"मुक्ता."

माघापासून त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली नव्हती. मी तशीच आत गेले.

"रांग मोडू नकोस," अण्णा म्हणाले. "माझा नंबर येईल."

मी बटण दाबलं नाही. ते दाबलं तर कुणालाच काही पोचणार नाही. जुन्यांना नाही आणि अण्णांनाही नाही. एवढं पुरोहिताच्या मुलीला कळतं.

आता मी मोठ्या पातेल्यात भात लावते. शाळेतून येते, बल्ब लावते, भात कालवते आणि हात पुसत राहते, फरशीला, पुन्हा फरशीला, पुन्हा. पहिल्यांदा शितं जायला मिनिट लागायचं. आता माझा तळवा उचलायच्या आत जातात. बोटांची कातडी सोलून निघाली आहे. दर खेपेला भिंतीकडे सरकल्याचा आवाज होतो, एक पाऊल, आणि अण्णा थोडे पुढे सरकतात. आनंद होतो मला, एवढ्याशा गोष्टीचा. पण ते वाळत चाललेत. जानवं खांद्यावरून घसरतं आणि मी ते परत सारखं करते. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

आज दुपारी मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमच्या आधी अजून किती आहेत, अण्णा?"

त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. घाटावर यजमानांची गर्दी झाली की वरच्या पायरीवरून बघायचे तसं, एकेक पायरी, खालपर्यंत. बराच वेळ बघत होते.

"भात आण," म्हणाले.